खाटेखालचा भोपळा

आमच्या चाळीत कोवळ्या फळाकडे बोट दाखवायची कुणाची टाप नव्हती. वेलीवर भोपळ्याचं किंवा काकडीचं एवढंसं पिल्लू दिसलं, की मूठ आवळायची आणि ती मूठच त्या दिशेला करून म्हणायचं, तो बघ. बोट दाखवलं की फळ कुजतं, हे आम्हां पोरांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. चुकून बोट गेलंच, तर ते लगेच दातांखाली धरायचं, हा त्यावरचा इलाजही ठाऊक होता. आमच्या कौलांवर तो भोपळा धरला, तेव्हा सकाळी नळावर जाणाऱ्या बायका, दात घासणारे बाप्ये आणि शाळेला निघालेली पोरं अशी सगळी जणं मान वर करून, मूठ उंचावून उभी असायची. माझी मुलगी हे ऐकून खदाखदा हसते. म्हणते, "रस्त्यावरच्या लोकांना वाटत असेल, मोर्चा निघालाय." तिचंही बरोबर आहे म्हणा. पण अँटॉप हिलच्या तिच्या सरकारी क्वार्टर्समागे आम्ही जो वेल लावलाय, त्याच्या फळाकडे तीसुद्धा हल्ली कोपराने खूण करते. हे मी पाहिलंय आणि तिला अजून बोलून दाखवलेलं नाही.

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत आमची खोली वरच्या मजल्यावर, अगदी टोकाची होती. टोकाची खोली म्हणजे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात गळती, पण एक सुख होतं. गॅलरीचा शेवटचा तुकडा आमच्याच दारात संपायचा आणि तिथून पुढे कुणाला जायचं नसायचं. त्या तुकड्यावर बाबांनी बाग केली होती. बाग म्हणजे तेलाचे पत्र्याचे डबे, तळ फुटलेली बादली, कान तुटलेली कढई आणि एक जुना माठ. प्रत्येक वेळी गावाहून येताना बाबा एका पिशवीत लाल माती घेऊन यायचे. आमसुलं, कुळथाचं पीठ आणि माती. लोक आपल्या पोरांसाठी काजू आणायचे आणि माझा बाप माती आणतो, याची मला लाज वाटायची. शेणखत जवळच्या तबेल्यातून यायचं. पाणी म्हणजे तांदूळ धुतलेलं आणि मासे धुतलेलं. आई बांगडे साफ करायला बसली की बाबा पातेलं घेऊन शेजारी उभे राहायचे, एक थेंब मोरीत जाऊ द्यायचे नाहीत. त्या पाण्यावर मिरच्या अशा तरारायच्या की बघत राहावं. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला सुतळीने दगड बांधलेला असायचा. तो वाऱ्याने हलून कठड्यावर टकटक वाजायचा. अजूनही कुठे टकटक झाली की मला आधी पडवळ आठवतं, मग दार.

बाबा विणकर होते. गिरणीतल्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, धडधडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते घरातही ओरडूनच बोलायचे. "मीठ दी" एवढं म्हटलं तरी खालच्या मजल्याला कळायचं की आज आमटी अळणी झालीय. पण फुलांपाशी गेले की हाच माणूस अगदी गप्प व्हायचा. त्या उंचीवर मधमाशी फिरकत नाही, म्हणून भोपळ्याच्या वेलीला माणसानेच हात लावावा लागतो. सकाळी फूल उमललं की बाबा लांब देठाचं नर फूल खुडायचे, त्याच्या पाकळ्या सोलून काढायचे आणि आतली पिवळी कांडी मादी फुलात हलकेच फिरवायचे. मादी फूल ओळखायला सोपं. त्याच्या खाली आधीच एक गोटीएवढा भोपळा असतो. बाबांचा अंगठा आखूड आणि चपटा होता, नखापेक्षा रुंद. माझाही तसाच आहे. शेजारच्या सावंतकाकी माझा हात धरून म्हणायच्या, "चेडवाक बापाशीचो आंगठो इलो गे, आता हिका अंगठी कोण घालतलो?" बाबांचा अंगठा फुलात बघताना मात्र तो कुरूप आहे असं मला कधी वाटलं नाही.

ज्या पावसाळ्याबद्दल सांगतेय, तेव्हा गिरणी बंद होऊन बरेच महिने झाले होते. सुरुवातीला चाळीत एक प्रकारचा उत्साह होता, सगळे बाप घरात म्हणून आम्हां पोरांना तर सुट्टीच वाटत होती. मग हळूहळू खोल्यांना कुलपं दिसायला लागली. आईने परळच्या एका इस्पितळात आयाचं काम धरलं. बाबा दिवसभर गॅलरीत. करायला दुसरं काही नसल्यामुळे त्या वर्षी बाग अशी फुलली की दुसऱ्या चाळीतली माणसं बघायला यायची. सगळ्यांत मोठ्या डब्यातला भोपळ्याचा वेल सुतळीवरून चढत कौलांवर गेला होता. गणपतीच्या आधी त्याला एकच फळ धरलं. बाबा कौलांवर चढले आणि त्याच्याखाली गोणपाटाची घडी सारून आले.

गणपतीला आम्ही सगळे गावाला जायचो. त्या वर्षी आईला रजा मिळेना, म्हणून बाबा एकटे निघाले. पिशवी खांद्याला लावून ते आधी डब्यांपाशी गेले, मग माझ्यापाशी आले. "सकाळी पाणी घाल. पानांवर नको, बुडाक." मग नेहमीच्या मोठ्या आवाजात, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि मी येयसर भोपळो फोडू नकात हां!" आई दारात उभी होती. ती म्हणाली, "एवढ्यात खय तो पिकता? तुमी गौरीनंतर इलास काय तेवासुद्धा हिरवोच आसतलो." सगळे हसले. बाबा जिना उतरून गेले. त्यांच्या बोलण्याचा आवाज खालच्या फाटकापर्यंत ऐकू येत होता.

गौरी-गणपती झाले, आणि चाळीतली माणसं बोचकी घेऊन परत आली. सावंतकाका आमच्याच वाडीचे. ते आले आणि आमच्या दारावरून मान खाली घालून पुढे गेले. आईने त्यांना हाक मारली. ते म्हणाले, "येतलो तो. जरा कामात आसा." कसल्या कामात, ते सांगितलं नाही. आईने चहा टाकला, तोही ते न पिता उठले. मला काहीच कळेना. माझ्या डोक्यात काम म्हणजे गिरणी, आणि गिरणी तर इथे होती आणि बंद होती. मग हळूहळू नळावर वेगवेगळं ऐकू यायला लागलं. कोण म्हणे तो रेडीच्या बाजूला खाणीवर गेला. कोण म्हणे वेंगुर्ल्याला मच्छीच्या गाडीवर आहे. एक बाई माझ्या समोरच म्हणाली की तो मुंबईला कंटाळला, आता कसला येतोय, आणि मग मी उभी आहे हे बघून तिने मला गोळी दिली. मी ती गोळी खाल्ली. ती खाताना आपण काहीतरी चुकीचं करतोय असं वाटत होतं, पण काय ते सांगता आलं नसतं. बाबा पत्र लिहिणाऱ्यांतले नव्हतेच, त्यामुळे पत्र आलं नाही यावरून काही ठरवताही येत नव्हतं.

घरात एकदम शांतता झाली. आई हळू बोलायची आणि मी तिच्याहून हळू. दोघी मिळूनही आम्ही खालच्या मजल्यापर्यंत पोचत नव्हतो. मी सकाळी बुडाला पाणी घालायचे, पानांवर नाही. भोपळा वाढत होता. हिरवा होता तो मळकट पिवळा झाला, मग एका अंगाने तांबूस. देठ वाळला. वेलीची पानं पापडासारखी झाली. दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी सावंतकाका आपणहून कौलांवर चढले आणि भोपळा काखेत मारून खाली आले. चांगलाच मोठा होता, मला दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावला असता. त्यांनी तो दारात ठेवला, टिचकी मारली, कान लावला आणि खूश होऊन म्हणाले, "कोयती हाड गे वैनी, एक घाव घालतंय."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझ्या मुलीलाही ती सांगावी लागली. आमच्यात अख्ख्या भोपळ्याला बाई पहिला घाव घालत नाही. पहिला घाव बापयाचा, मग बाई त्याचे पुढे हवे तेवढे तुकडे करो. घरात कुणी पुरुष नसेल तर शेजारच्या पुरुषाला हाक मारायची. यात काही मोठं नसायचं. आमच्या मजल्यावर तर हे काम सावंतकाकांकडेच लागलेलं होतं. घरोघरचे बाप्ये दुपारच्या पाळीला गेलेले असले, की कुणीतरी बाई भोपळा कडेवर घेऊन काकांच्या दारात उभी राहायची. काका जेवता जेवता उठून खचकन कोयती घालायचे आणि पुन्हा पानावर बसायचे. एखाद्याने सुईत दोरा ओवून द्यावा, इतकी साधी ती गोष्ट होती.

आणि आई म्हणाली, "ऱ्हवांदे. आत्ता नको."

काका म्हणाले, "पिकलो हा पुरो. ठेवन काय करतलंस? खराब होतलो."

"नाय होवचो," आई म्हणाली आणि तिने भोपळा उचलून आत नेला. लुगड्याच्या जुन्या चिंधीची चुंबळ करून तिने तो खाटेखाली, भिंतीच्या अंगाला ठेवला. काका थोडा वेळ रिकामे हात घेऊन दारात उभे राहिले आणि मग मला म्हणाले, "अभ्यास कर गे." मी अभ्यासच करत होते.

त्यावर माझा गोंधळ आणखी वाढावा अशी एक गोष्ट झाली. मार्गशीर्षातल्या कुठल्याशा गुरुवारी आईने बाजारातून एक छोटा अख्खा भोपळा आणला. घरात एक असताना दुसरा. तो तिने सरळ उचलून काकांच्या दारात नेला, काकांनी घाव घातला, आणि संध्याकाळी आम्ही त्याची भाजी खाल्ली. मी जेवता जेवता खाटेखाली बघत होते. मला वाटत होतं त्या भोपळ्यालाही हे दिसतंय. बाजारचा भोपळा काकांच्या हातचा चालतो, मग घरचा का चालत नाही? विचारायचं धाडस झालं नाही. आई हल्ली प्रश्नांना उत्तर देण्याऐवजी हातात केरसुणी घ्यायची.

म्हणून मी दुसरी वाट काढली. आईला काय वाटतं ते मी भोपळ्यावरून ओळखायला लागले. ती केर काढायला वाकली की मी पुस्तक समोर धरून तिच्याकडे बघायचे. तिने भोपळा पुढे ओढून फडक्याने पुसला, की मी मनात म्हणायचे, बाबा येणार. तिने त्याला नुसतंच केरसुणीने ढकललं, की म्हणायचे, नाही येणार. एक दिवस तिने त्याला चापटी मारली, जोरात, आणि लगेच त्यावरून हात फिरवला. त्याचा अर्थ काय लावायचा, यात माझे दोन दिवस गेले. शाळेतसुद्धा मी तोच विचार करत होते. एवढं मात्र मी माझ्यापुरतं पक्कं ठरवलं होतं, की बाबा म्हणाले होते मी येईपर्यंत फोडू नका. याचाच अर्थ, तो फुटला नाही तोवर बाबा यायचे आहेत. फुटला की संपलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण तेव्हा मला त्यात तिळमात्र शंका नव्हती. मी अंथरूणही खाटेखाली, भोपळ्याशेजारी घालायला लागले.

एकदाच मी तिला विचारलं. ती इस्पितळातून येऊन पाय धूत होती. मी म्हटलं, "आये, बाबा येणार ना?" मी शाळेतली मराठी बोलायचे आणि ती मालवणीत उत्तर द्यायची, असं आमचं तेव्हाही चालायचं आणि आजही चालतं.

"येतलो."

"कधी?"

"येतलो तेवा येतलो. माका काय सांगून गेलो हा?" मग तिने तांब्या पालथा घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भोपळ्याक खालसून वारो लागता काय बघ. फिरवन ठेव."

मी भोपळा फिरवून ठेवला. येतलो म्हणाली हे खरं, पण आवाज येणाऱ्या माणसाबद्दल बोलतानाचा नव्हता. की होता? आज इतकी वर्षं झाली तरी तो आवाज मला जसाच्या तसा आठवतो, आणि तो कसला होता ते मात्र अजून नीट ठरवता येत नाही.

शिमग्याच्या सुमारास उकाडा सुरू झाला आणि एक दिवस खोलीत गोडसर वास यायला लागला. मला तो अंथरुणातच आला होता. मी समजले, पण समजले नाही असं स्वतःशीच ठरवून शाळेत गेले. रविवारी दुपारी आईने खाट सरकवली. भोपळा उचलून उजेडात आणला आणि उलटा केला. बुडाला रुपयाएवढा काळा डाग होता. तिने त्यावर अंगठा टेकवला, आणि अंगठा आत गेला. ती तशीच बसून राहिली, अंगठा आत घालून. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ चालू होता आणि गॅलरीत सावंतकाका खुर्चीवर पेपर वाचत बसलेले दिसत होते. हाक मारली असती तर दोन पावलांत आले असते. आईने त्यांच्याकडे पाहिलंही. मग तिने अंगठा पुसला, कोपऱ्यातली कोयती घेतली आणि मूठ माझ्याकडे करून पुढे धरली.

"घाल."

मला वाटलं ती मला काकांना नेऊन दे म्हणतेय. मी दाराकडे निघाले.

"थय खय चललंस? तू घाल."

"मी? पण बायकांनी पहिला घाव घालायचा नसतो ना?"

"माका शिकवतंस? घाल सांगतंय मां."

"बाबा म्हणाले होते मी येईपर्यंत..."

"सगळो कुजतलो तेवा घालतलंस?" आईचा आवाज पहिल्यांदाच चढला. गॅलरीत पेपर खाली आला. "दोनी हातानी धर आणि घाल!"

मी रडत होते. रडत रडतच घाव घातला. साल दगडासारखं होतं, कोयती थोडीशी आत जाऊन रुतून बसली. काढू म्हटलं तर निघेना, दाबू म्हटलं तर जाईना. मी आईकडे पाहिलं. ती हात मांडीवर ठेवून बसली होती, मदतीला आली नाही. शेवटी मी कोयतीसकट भोपळा उचलला, तो हातांत जेमतेम पेलत होता, आणि धाडकन जमिनीवर आपटला. तो उघडला. आत इतका केशरी होता की खोली उजळल्यासारखी वाटली. एक बाजू गेली होती, बाकीचा धडधाकट होता. दारात सावंतकाका उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि परत जाऊन पेपर वर धरला.

आईने संध्याकाळी त्याचे घारगे केले. गूळ घालून, वेलची घालून, सणासारखे. साऱ्या मजल्याला वाटले. काकी घारगा हातात घेऊन विचारत होत्या, "आज काय गे विशेष?" आणि आई म्हणत होती, "काय नाय. भोपळो होतो." मी माझा घारगा ताटातच ठेवला. माझा बाप आता येणार नव्हता, ते मी माझ्या हाताने संपवलं होतं, माझ्या आईनेच ते माझ्याकडून करून घेतलं होतं आणि वर ती घारगे वाटत होती. मला तिचा भयंकर राग आला होता. ती मात्र माझ्यासमोर बसून एकामागून एक घारगा खात होती. बिया तिने धुतल्या, गॅलरीत वाळवल्या, आणि राखेत मिसळून डब्यात ठेवल्या. मला काहीच संगती लागेना. जो माणूस येणारच नाही त्याच्या वेलीच्या बिया कशाला राखायच्या?

आणि बाबा आले. पावसाला थोडे दिवस असताना, दुपारी, मी दारात बसून पाढे म्हणत होते आणि आईची इस्पितळातली पाळी सुटून ती भात लावत होती. आधी जिन्यावर आवाज आला, "पाणी इला काय रे नळाक?" सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा. मी उठलेच नाही. मला वाटलं मला भास होतोय, कारण माझ्या हिशेबात ते येऊच शकत नव्हते. ते दारात आले. वाळले होते, रंग पार काळवंडला होता, हाताच्या कातडीला भेगा पडल्या होत्या. खांद्यावर तीच पिशवी. कुठे होतात, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. त्यांनी पिशवी ठेवली, पाणी प्यायले आणि कौलांकडे जाणाऱ्या रिकाम्या सुतळीकडे बघितलं.

"भोपळो?"

"फुटलो," आई म्हणाली. ती चुलीकडे तोंड करून होती.

"कोणी फोडल्यान?"

बाबांची नजर सावंतकाकांच्या दारावर गेली आणि तिथेच राहिली. त्यांचा चेहरा असा झाला, की मला त्यांची दया आली. मी अकरा-बारा वर्षांची होते, मला काय कळणार, पण त्या क्षणी ते मला माझ्याहून लहान वाटले. आई तशीच पाठमोरी, डावाने भात ढवळत. बराच वेळ तिने त्यांना तसंच ठेवलं.

मग म्हणाली, "चेडवान."

बाबा माझ्याकडे वळले. मी हात मागे लपवले. ते हसतील की मारतील हे त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं, बहुधा त्यांनाही कळत नव्हतं. ते खाली बसले, त्यांनी माझा उजवा हात पुढे ओढला आणि उलटा-पालटा करून बघितला, जखम शोधावी तसा. मग कधी नव्हे ते हळू आवाजात विचारलं, "बियो ठेवल्यात मां?" आईने राखेचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. ते तो घेऊन गॅलरीत गेले आणि डब्यांतली जुनी माती उकरायला लागले. मी आत बसून हमसाहमशी रडले. आता रडायला काहीच कारण नव्हतं.

त्यानंतर आमच्या घरात एक नवीन रीत पडली. भोपळा आला की आई मला हाक मारायची. बाबा घरात असोत, समोर बसलेले असोत, कोयती माझ्याच हातात यायची. पुढे बाबांना एका इमारतीवर वॉचमनची नोकरी लागली, ते दुपारी घरी असायचे. आई त्यांच्या अंगावरून हात लांब करून मला कोयती द्यायची आणि ते पाय आवरून घेऊन जागा करून द्यायचे. चाळीतल्या बायका आधी कुजबुजल्या, मग सवय झाली. मी मोठी झाले, शिकले, नोकरीला लागले, आणि या गोष्टीचा अर्थ मला आपोआप कळत गेला. निदान मला तसं वाटलं. माझ्या आईने त्या दिवशी ठरवलं होतं की जो निघून गेला त्याच्यावाचून हे घर चालेल, आणि त्याची कोयती तिने माझ्या हाती दिली. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! लग्नाआधी नवऱ्याला सांगितली. ऑफिसात महिला दिनाला माइकवर सांगितली, तर बायकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाबा वारले तेव्हा त्यांचं सगळं मीच केलं, आणि करताना मला त्या भोपळ्याचा आधार वाटला होता.

आता आई आमच्याकडे असते. ऐकू कमी येतं, त्यामुळे तीच आता बाबांसारखी ओरडून बोलते. डोकं मात्र लख्ख आहे. क्वार्टर्समागच्या पट्टीत यंदा वेलीला दोन भोपळे धरले. एक माकडांनी नेला. दुसरा गेल्या आठवड्यात उतरवला. आई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती, मी भोपळा ओट्यावर ठेवला आणि सुरी टेकवली. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, विचारायची गरजच वाटली नव्हती, पण सहज, कौतुकाने ऐकायला मिळेल म्हणून मी मोठ्याने विचारलं, "आई, त्या वेळी तू कोयती मला का गं दिलीस? सावंतकाका तर समोर बसले होते."

"सावंताक कशी देतलंय?" ती म्हणाली. "तुझ्या बापाशीन लायलेलो तो. दुसऱ्या बापयाचो हात लागलो असतो म्हणजे ह्यो आता येवचो नाय, असा मीच सांगल्यासारख्या झाला असता."

"मग? म्हणून मी?"

"मग काय? माका तेचोच हात होयो होतो. तो खयसून हाडू?" तिने लसणाची पाकळी वाटीत टाकली. "तुझो आंगठो बघ. तेचोच मां तो?"

तिला हात हवा होता तो बाबांचाच. महिला दिनाच्या टाळ्या आठवल्या, बाबांचे आवरून घेतलेले पाय आठवले. ते पाय आवरताना त्यांना काय वाटत होतं, शिक्षा की आणखी काही, हे विचारायला ते आता नाहीत. आईला विचारावं तर ती सांगेलही, पण मला ते ऐकायचंय की नाही तेच कळेना. सुरीच्या मुठीवर माझा आखूड, चपटा अंगठा दिसत होता. वयाबरोबर तो आणखीच बाबांसारखा झालाय, नखाशी भेगासुद्धा तशाच.

"काय बघत ऱ्हवलंस?" आई ओरडली. "घाल!"

मी घाव घातला.